घर नंबर सातचा कडीचा डबा

इंग्लंडच्या स्लाऊमधल्या हॉथॉर्न क्लोज या चौदा घरांच्या बंद गल्लीत, घर नंबर सातच्या पायरीवरून, गेल्या वर्षीच्या एकतीस ऑक्टोबरला संध्याकाळी सहा ते सहा वाजून बारा मिनिटं या दरम्यान स्टीलचा एक कडीचा डबा नाहीसा झाला. डब्यात हॅलोविनच्या मुलांसाठी साठ छोटी चॉकलेटं होती. डब्याला टेकवून 'प्लीज टेक वन' अशी लॅमिनेट केलेली पाटी उभी केली होती. पाटी जागच्या जागी सापडली.

घटनेच्या वेळी घरमालक श्री. मुरलीधर टिपणीस, वय अडुसष्ट, आत चहा टाकायला गेले होते. चहाला बारा मिनिटं कशी लागतात, हे पोलिसांनी विचारलं नाही. ते त्यांच्या पत्नी लीलावतीबाईंनी विचारलं. त्यावर मुरलीधरपंतांनी, "अगं, दूध उतू जात होतं," असं मोघम उत्तर दिलं आणि विषय मुलांच्या वळणावर नेला.

आता एका डब्यासाठी एवढं रामायण कशाला, असं कुणाला वाटेल, म्हणून सांगतो. त्या डब्याचं झाकण लावताना 'टप्' असा आवाज यायचा. तो आवाज आला की इंग्लंडची सगळी ओल बाहेर आणि चकल्या आत. दिवाळीत भरलेली चकली त्या डब्यात संक्रांतीपर्यंत कुरकुरीत राहायची. मुरलीधरपंतांनी काय केलं, तर चॉकलेटं ठेवायला जरा देखणं भांडं हवं म्हणून नुकत्याच झालेल्या दिवाळीच्या चकल्या त्यातून काढून आईस्क्रीमच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ओतल्या. चकल्या दोन दिवसांत सादळल्या. चकली कशी, हातात घेतली की मोडायला हवी. ही वाकली.

लीलावतीबाईंनी ती वाकलेली चकली नवऱ्याच्या नाकासमोर धरली आणि एका वाक्यात निकाल दिला. "डबा घरी येईल, त्या दिवशी सोऱ्या खाली येईल." आणि चकल्या पाडायचा सोऱ्या लॉफ्टमध्ये, जुन्या सूटकेसांच्या मागे, जिथे गुडघेदुखीवाल्या माणसाचा हात पोचत नाही अशा ठिकाणी रवाना झाला. त्याला आता वर्ष होत आलं होतं. वर्षभर घरात चकली नाही! वाढदिवसाला नाही, पाहुण्यांना नाही. येती दिवाळी हॅलोविननंतर आठच दिवसांनी होती, आणि मुरलीधरपंतांना रात्री स्वप्नात भाजणीचा वास यायला लागला होता.

शिवाय अब्रूचा प्रश्न होता. मुरलीधरपंतांनी एकतीस वर्षं ट्रेडिंग इस्टेटवरच्या एका गोदामात स्टॉक कंट्रोलर म्हणून काढली होती. तेवढ्या काळात त्यांच्या नजरेखालून एक खोकं इकडचं तिकडे गेलं नव्हतं. अशा माणसाच्या स्वतःच्या पायरीवरून डबा जातो म्हणजे काय! त्यांनी पोलिसांत ऑनलाइन तक्रार केली. वस्तूंच्या यादीत 'कडीचा डबा' नव्हता, म्हणून त्यांनी 'लगेज' निवडलं. पुढचा रकाना चाकांची संख्या विचारत होता आणि तो भरल्याशिवाय पान सरकेना. त्यांनी शून्य लिहिलं. दुसऱ्या दिवशी एक नंबर आला. तो नंबर ते आजही पाकिटात घेऊन फिरतात.

चोर कोण, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. हॅलोविनला दारोदार फिरणारी कार्टी! त्यांना संस्कार नाहीत, लाज नाही. एकानं दोन्ही हातांनी चॉकलेटं ओरबाडली होती. एक कोळी झालेला पोरगा, "हे नको, दुसरं काय आहे?" असं हॉटेलात विचारावं तसं विचारून गेला होता. सहा फुटी एक इसम शाळेच्या ब्लेझरमध्येच आला होता, आणि तू कोण झाला आहेस म्हटल्यावर, "थकलेला माणूस," म्हणाला होता. एक डायनोसॉर तीनदा आला होता आणि तिसऱ्या वेळी त्याची शेपटी गळून खालची मिशी दिसली होती. असल्यांच्या तावडीत डबा सापडल्यावर काय व्हायचं ते झालंच होतं.

यंदाच्या सप्टेंबरमध्ये हॉथॉर्न क्लोज रेसिडेंट्स असोसिएशनची बैठक अध्यक्ष ब्रेंडाबाईंच्या पुढच्या खोलीत भरली. ब्रेंडाबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, शाळेच्या जेवणघरातून निवृत्त झालेल्या, आणि पोरांना एकाच्या वर बटाटा न देण्याचा त्यांना दांडगा अनुभव. मुरलीधरपंतांनी 'हॅलोविन खाऊवाटप सुधारणा' या विषयावर अकरा पानी टिपण वाचलं. सातव्या पानावर बरेच सभासद डुलक्या घेत होते, त्यामुळे ठराव बिनविरोध झाला. वाटप चौदा ठिकाणी न करता एकाच ठिकाणी, म्हणजे घर नंबर सातला करायचं ठरलं. बाकीच्या तेरा घरांना हे फारच पटलं.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला विचारलं, "अगं, ही पोरं ओरबाडणार नाहीत असं काय करता येईल?"

लीलावतीबाई मेथी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या भोंडल्यात कोणी ओरबाडायचं का? हत्तीभोवती गाणी झाली की खिरापत झाकलेली असायची. डबा हलवून दाखवायचा, गोड की तिखट तेवढं सांगायचं. नाव ओळखलंत तर खा, नाहीतर बसा बोंबलत."

मुरलीधरपंतांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्याच रात्री नियमावली तयार झाली. मुलानं रांगेत यावं. 'प्लीज' म्हणावं. पोशाख ओळखू येईल असा असावा. हूडीची टोपी पुढे ओढणं हा पोशाख धरला जाणार नाही. झाकलेला खाऊ तीन प्रयत्नांत ओळखावा, ओळखल्यास एक नग मिळेल. प्रत्येक मुलाचं खाऊ गोळा करायचं भांडं तपासलं जाईल; उशीचा अभ्रा चालेल, रजईची खोळ चालणार नाही. आणि सहावा नियम, ज्याच्यासाठी बाकीचे पाच होते, तो असा: दुसऱ्याच्या मालकीचं भांडं बाळगणाऱ्याला खाऊ मिळणार नाही, त्याचा घर नंबर फाटकावरच्या फळ्यावर लिहिला जाईल आणि तो सात दिवस पुसला जाणार नाही. चोर कधीतरी चोरीचाच डबा घेऊन खाऊ मागायला येणार, हा त्यांचा हिशोब होता. गोदामात एक फोर्कलिफ्ट अशीच सापडली होती.

ब्रेंडाबाईंनी सगळं वाचलं आणि एकच आक्षेप घेतला. सगळ्यांनाच 'लव्ह' म्हणायची त्यांची सवय. "मर्ली, लव्ह, ॲलर्जीचं काय? आत काय काय घातलंय ते दारावर लिहून लावायलाच हवं."

"लिहिलं तर मुलं ओळखणार काय?"

"ते मला माहीत नाही. पण लिहायलाच हवं."

"आणि ओळखायचं असेल तर लिहायला नको."

"बरोबर. पण लिहायलाच हवं."

यावर दोघांची उपसमिती नेमण्यात आली. उपसमितीच्या तीन बैठका झाल्या, दोन डबे बिस्किटं संपली. चौथ्या बैठकीत मुरलीधरपंतांनी तोडगा आणला. घटकांची यादी दारावर लावायची, मोठ्या ठळक अक्षरांत लावायची, पण मराठीत. ब्रेंडाबाईंनी चष्मा लावून तो कागद नीट न्याहाळला. "यात सगळे घटक आहेत?" "सगळे." "अक्षर छान आहे," म्हणाल्या आणि खाली सही केली. यादीत तीनच गोष्टी होत्या. कुरमुरे, गूळ, वेलची. लीलावतीबाईंनी कुरमुऱ्याचे शंभर लाडू वळले. डबा नव्हता, त्यामुळे खिरापत प्रेशर कुकरमध्ये ठेवावी लागली, आणि ती गोष्ट त्यांनी लाडू वळताना नवऱ्याला चार वेळा ऐकवली.

एकतीस ऑक्टोबर उजाडला आणि साडेचारलाच मावळला. पाचच्या ठोक्याला मुरलीधरपंत गोदामातलं पिवळं चमकणारं जाकीट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून दारात खुर्ची टाकून बसले. फाटकावर फळा, फळ्यापाशी खडू घेऊन ब्रेंडाबाई. रांगेसाठी लाल-पांढरी फीत. 'प्लीज टेक वन'ची जुनी पाटी मुरलीधरपंतांनी कुकरशेजारी उभी केली, पुरावा म्हणून.

पहिलं आलं ते एक वटवाघूळ. "ट्रिक ऑर ट्रीट!"

मुरलीधरपंतांनी कुकर हलवला. आत धबधब आवाज झाला. "गोड आहे. काय आहे?"

वटवाघूळ विचारात पडलं. "चॉकलेट?"

"नाही."

"मोठं चॉकलेट?"

"नाही."

"सूप?"

"पुढचा!"

पुढच्या सांगाड्यानं मार्शमेलो, टॉफी आणि उंदीर असे तीन प्रयत्न केले. एका राजकन्येनं उत्तर द्यायच्या ऐवजी, तुमच्यावर माझी आई रिव्ह्यू लिहील, अशी धमकी दिली. थकलेला माणूस यंदाही आला होता. त्यानं "काम?" एवढंच विचारलं आणि निघून गेला. पावणेसहापर्यंत एक्केचाळीस मुलं येऊन गेली. एकही लाडू गेला नाही.

"मर्ली, कसं चाललंय?" ब्रेंडाबाईंनी फाटकावरून विचारलं.

"उत्तम! ओरबाडण्याचं प्रमाण शून्य!"

"आणि वाटप?"

"तेही शून्य. पण त्याशिवाय हे जमत नाही."

हरलेली मुलं घरी गेली असती तर बरं होतं. ती रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभी राहत होती. त्यांचे आईबाप उत्तरं सुचवायला येऊन उभे राहिले. रांग क्लोजमधून निघून मेन रोडला लागली, तिथून बसस्टॉपला वळसा घालून परत फिरली. इंग्लंडात लांब रांग दिसली की ती कशाची आहे हे आधी कोणी विचारत नाही. लोक आधी उभे राहतात. दोन पोक्त माणसं, कुणीतरी डेंटिस्ट नवे पेशंट घेतोय अशा समजुतीनं उभी होती, आणि इथे कुरमुरे आहेत हे पुढे कळल्यावरही ती हलली नाहीत. इतक्या वर्षांत डेंटिस्टसाठी एवढी पुढे सरकणारी रांग त्यांना मिळाली नव्हती.

तेवढ्यात घर नंबर नऊचा संजय आला. नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला, पोशाख ऑफिसचा, बरोबर मूल नाही. "काका, वीरला ताप आहे हो. त्याच्या वाटचे दोन द्या ना."

"एका मुलाला एक नग. आणि मूल समक्ष पाहिजे."

"एक वीरचा, एक माझा."

"गैरहजर मुलाचा फॉर्म आणलायस? डॉक्टरचं पत्र? आणि ताप आहे तर गोड कशाला हवंय त्याला?"

संजयनं घसा खाकरला. "बरं, मग दोन्ही मलाच द्या. दुपारपासून मीटिंगांमध्ये काही पोटात गेलं नाहीये, काका."

"छ्या! लहान पोरांची काय कथा, तुम्ही घोडेसुद्धा असेच!" मुरलीधरपंत कडाडले. "दुसऱ्याच्या नावावर मागायचं! कुठून येतात ह्या सवयी?" संजय मुकाट्यानं रांगेच्या शेवटी गेला. मुरलीधरपंतांना फार बरं वाटलं. शिस्त लागत होती.

आणि मग फाटकापाशी एक खणखणीत बाईमाणसाचा आवाज उठला. "अगं बाई, मराठीत लिहिलंय की! कुरमुरे, गूळ, वेलची. म्हणजे कुरमुऱ्याचे लाडूच की गं उर्वी!"

आवाज क्लोजभर घुमला. रांगेतल्या मुलांनी तो शब्द पुढच्याकडून मागच्याकडे पोचवला. 'कुमुयाचे ल्यादू' हा शब्द मेन रोड ओलांडून बसस्टॉपपर्यंत गेला. अर्ध्या मिनिटात दीडशे मुलांना बरोबर उत्तर माहीत होतं आणि कुकरमध्ये शंभर लाडू होते. मुरलीधरपंतांनी शिट्टी फुंकली. ब्रेंडाबाईंनी खडू उगारला. पण आता रांगेत पहिली उभी होती ती आठ वर्षांची चेटकीण, काळी टोपी, काळा झगा, आणि तिच्या मागे राखाडी कोट घातलेली, त्या आवाजाची मालकीण असलेली आजी.

"प्लीज," चेटकीण म्हणाली. "कुरमुऱ्याचे लाडू."

नियमात सगळं बसत होतं. राहिली होती भांड्याची तपासणी. "भांडं पुढे कर," मुरलीधरपंत म्हणाले, आणि चेटकिणीनं झग्याआडून हात पुढे केला.

हातात स्टीलचा कडीचा डबा होता. झाकणाच्या कडेला पोचा होता. हा पोचा मुरलीधरपंतांनी स्वतः पाडला होता, गाडीची डिकी लावताना, आणि त्यावरून एक रात्र उपाशी झोपले होते. त्यांनी झाकण काढलं, परत लावलं.

टप्.

त्यांचे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगू, त्यांच्या तोंडाला पाणीही सुटलं. "लीला!" त्यांनी हाक मारली. "अगं लीला, सोऱ्या काढ! डबा सापडला! चोर पकडला!"

चेटकीण बावरून म्हणाली, "हा डबा माझी आजीचा आहे. तू ओरडू नको."

"आजीचा? मग आजीलाच विचारतो! काय हो बाई, नातीला घेऊन चोरीच्या भांड्यात खाऊ मागत फिरता? काही वाटतं का? गेल्या वर्षी ह्याच पायरीवरून हा डबा गेला. माझ्याकडे पोलिसांचा नंबर आहे! बुडाशी आमचं नावसुद्धा कोरलंय!" नाव कोरलेलं आहे, एवढं त्यांना ठाऊक होतं. ते वाचायची वेळ एकतीस वर्षांत आली नव्हती. त्यांचा संबंध चकल्यांशी.

"हो का?" आजी शांतपणे म्हणाल्या. "वाचा मग, भावोजी. मोठ्यांदा वाचा."

मुरलीधरपंतांनी डबा दिव्याखाली उलटा धरला. भांड्याच्या दुकानातल्या मशीननं ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं होती. त्यांनी पहिला शब्द मोठ्यांदा वाचला. दुसऱ्याला आवाज उतरला. "सौ. शशी विनायक देवस्थळी. एकोणीसशे त्र्याण्णव."

दारात हात पुसत आलेल्या लीलावतीबाई जागच्या जागी थिजल्या. "अगं बाई! शशीताई?"

"मीच ती," शशीताई म्हणाल्या. "तुझा अंशुमन झाला तेव्हा डिंकाचे लाडू घालून दिला होता मी हा डबा. आम्ही पुढे लीड्सला गेलो. गेल्या ऑक्टोबरात चार दिवस लेकीकडे आले होते. म्हणजे अंशुमन आता केवढा झाला गं?"

"एकतीस," लीलावतीबाई पुटपुटल्या. "केंब्रिजला असतो."

"बघ! एकतीस वर्षं. आल्या आल्या हॅलोविन होतं, म्हणून उर्वीला घेऊन निघाले, तर तुमच्या पायरीवर माझा डबा! भरलेला, आणि शेजारी पाटी, घेऊन जा म्हणून. इतकं भरून आलं मला. म्हटलं, लीलेनं लक्षात ठेवलं. डबा रिकामा परत करायचा नसतो, हेही विसरली नाही. आभार मानायला दोनदा बेल वाजवली. कोणी आलं नाही. आत कुणीतरी कुरुमकुरुम काहीतरी खात होतं, तेवढं ऐकू येत होतं."

लीलावतीबाईंनी सावकाश मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. बारा मिनिटांचा उलगडा झाला होता. आईस्क्रीमच्या डब्यातल्या सहा-सात चकल्या चहाबरोबर गट्टम झाल्या होत्या.

"अगं, पण तू त्यांचा डबा एकतीस वर्षं ठेवलासच कसा?" मुरलीधरपंतांनी सुटायचा एक शेवटचा प्रयत्न केला.

"ठेवला कुठे? परतच करायचा होता!" लीलावतीबाई उसळल्या. "पण रिकामा कसा द्यायचा? त्यांनी डिंकाचे लाडू दिले होते, आपण काय साधी बर्फी घालून द्यायची? त्या तोडीचं काय घालून द्यावं, ते ठरतच नव्हतं!"

इकडे फाटकावर ब्रेंडाबाईंना संजयनं सगळा संवाद समजावून सांगितला. ब्रेंडाबाई नियमाच्या पक्क्या. "म्हणजे," त्यांनी खडू सावरत विचारलं, "दुसऱ्याचं भांडं कोणी बाळगलं होतं?"

दोन्ही डेंटिस्टवाली माणसं खाली बघायला लागली. ब्रेंडाबाईंनी फळ्यावर ठसठशीत सात लिहिला. मग हात झटकत त्या म्हणाल्या, "आणि लीला, लव्ह, आता विषय निघालाच आहे म्हणून. माझी ती काचेची ओव्हनची डिश. राणीच्या जुबिलीच्या स्ट्रीट पार्टीला मी शेपर्ड्स पाय आणला होता."

"ती... ती मी देणारच होते," लीलावतीबाई म्हणाल्या.

"काकू," संजयही पुढे सरसावला, "आमच्या सासूबाईंचा पितळी डबा, श्रीखंडाचा?"

मग जे झालं ते भयंकर होतं. रांगेतून आवाज यायला लागले. कुणाचा टिफिन, कुणाची झाकणाची बरणी, घर नंबर तीनवाल्यांची केक नेताना दिलेली गोल पेटी. मुलं बाजूला राहिली आणि मोठी माणसं फीत ओलांडून दारात आली, हात पुढे करून. मुखवटे कुणीच घातले नव्हते. मुरलीधरपंतांना स्वयंपाकघरात स्टूलवर चढवण्यात आलं आणि वरच्या फळीची तपासणी सुरू झाली. एकतीस वर्षं दुसऱ्याच्या गोदामाचा साठा अचूक ठेवणाऱ्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदाच घरच्या फळीवर हात घातला. सतरा भांडी निघाली. त्यांतली घरची चार. एका डब्याच्या बुडाशी असलेलं नाव तर दोघांपैकी कुणालाच आठवेना. तो कुणाचा असेल, या विचारानं लीलावतीबाईंना अजूनही मधूनच दचकायला होतं.

ह्या धामधुमीत दारातला कुकर उघडा पडला होता, शेजारी ती पाटी. तिथे पहारा नव्हता, शिट्टी नव्हती. मुलं रांगेनं आली. पहिल्यानं पाटी वाचून मागच्याला सांगितली. ज्याला हवा होता त्यानं एक लाडू घेतला. सगळी रिकाम्या दाराला 'थँक्यू' म्हणाली आणि गेली. काहींनी चव बघून तोंड वेडंवाकडं केलं, पण अर्धा लाडू कुणी टाकला नाही. शेवटी चार उरले होते. ते संजयनं वीरसाठी नेले.

पुढचे आठ दिवस फळ्यावरचा सात पावसातही पुसला गेला नाही, कारण ब्रेंडाबाईंनी त्यावर प्लॅस्टिक लावलं होतं. मुरलीधरपंत मात्र आनंदात होते, कारण सोऱ्या खाली आला होता. भांडी परत करायची, तीही भरून, म्हणजे चकल्या आल्याच. लीलावतीबाईंनी पाच किलोची भाजणी केली आणि तीन दिवस तळत होत्या. घर तळणीच्या वासानं नुसतं घमघमलं. मुरलीधरपंत कढईभोवती घिरट्या घालत होते, आणि प्रत्येक घाण्याला लीलावतीबाई म्हणत होत्या, "हात नका लावू, हा शशीताईंचा. हा ब्रेंडाचा. हा संजयच्या सासूबाईंचा."

दिवाळीच्या पहाटे फळीवरची बारा भांडी बारा घरी पोचली, कडीचा डबा शशीताईंकडे भरून गेला, अनोळखी नावाचं तेरावं भांडं फळीवर परत गेलं. मुरलीधरपंत आंघोळ करून, नवा कुर्ता घालून फराळाला बसले. त्यांच्यासमोर वाटी आली. वाटीत चकल्यांचे तुकडे होते, आणि एक, फक्त एकच, अख्खी चकली. वाटीला टेकवून लीलावतीबाईंनी ती लॅमिनेट केलेली पाटी उभी केली होती. मुरलीधरपंतांनी इकडे तिकडे पाहिलं, बायकोची पाठ वळल्याची खात्री केली आणि चारही बोटांनी वाटी ओरबाडली.

झालं हसून? आता उठा आणि स्वयंपाकघरात जा. वरची फळी. पुढची नको, तिच्या मागची, तुमचा हात सहसा जात नाही तिथली. तो डबा काढा, उलटा करा आणि नाव वाचा. माहीत आहे, तुम्ही तो परतच करणार होतात. फक्त काय घालून द्यावं ते ठरत नव्हतं, असं मात्र म्हणू नका. ते लीलावतीबाईंनी आधीच म्हणून ठेवलंय.